अक्कादेवीच्या माळावर परतताना : चिरनेर, जासई आणि उरणच्या दोन रणभूमी

मराठी इतिहासलेखनात ‘रणभूमी’ हा शब्द बहुतेक वेळा किल्ले, खिंडी आणि फौजांचे तळ यांच्यासाठी राखून ठेवला जातो, आणि रायगडच्या किनाऱ्याला अशा जागांची वाण नाही; मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर १६७९ साली मराठा आरमारातील मायनाक भंडारी याच्या माणसांनी इंग्रजांच्या जहाजांना तोंड देत तटबंदी उभी केली, ती याच पाण्यात. उरण तालुक्यातील माणसे मात्र दरवर्षी नेमाने ज्या जागांकडे परत जातात, तेथे कधीही दोन फौजा समोरासमोर आल्या नव्हत्या. त्यांपैकी पहिली जागा म्हणजे चिरनेर गावामागचा अक्कादेवीचा डोंगर, जेथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. आणि दुसरी म्हणजे जासईजवळचा दास्तान फाटा व त्यापुढचे नवघर, जेथे १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांच्या गोळ्या चालल्या. दोन्ही ठिकाणी बंदुका एकाच बाजूला होत्या, आणि दोन्ही ठिकाणी लढणारी माणसे घरदार, बैल आणि अर्धवट राहिलेले शेतकाम मागे ठेवून एका दिवसापुरती आली होती. त्यांना युद्धनिवृत्त सैनिक म्हणण्याची प्रथा नाही, तरी जुन्या लढाईच्या जागी परत जाऊन उभे राहणे हा अनुभव त्यांच्या वाट्याला पुरेपूर आला, आणि तो समजून घ्यायचा तर ही माणसे मुळात त्या डोंगरावर कशासाठी गेली होती, तेथूनच आरंभ करावा लागतो.

‘जंगल सत्याग्रह’ म्हणजे जंगलाच्या कायद्याचा जाहीर, पूर्वसूचना देऊन आणि शिक्षेची तयारी ठेवून केलेला भंग. १८७८ च्या वन कायद्याने आणि त्यानंतर १९२७ च्या कायद्याने सरकारने जंगलाचे ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ असे वर्ग पाडले. राखीव जंगलात गवत कापणे, गुरे सोडणे, लाकूडफाटा आणणे या गोष्टी परवानगीवाचून केल्यास गुन्हा ठरू लागल्या. नकाशावर ओढलेल्या या रेषेचा अर्थ उत्तर कोकणातील शेतकऱ्याला वर्षाच्या प्रत्येक ऋतूत कळत होता, कारण येथली भातशेती डोंगरावाचून चालणारी नव्हती. खाचरात लावण्याची रोपे ज्या तुकड्यात वाढवायची, त्याची भाजणी उन्हाळ्यात करावी लागे. जमिनीवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, गवत आणि वर मातीचा पातळ थर असे रचून ते धुमसत जाळायचे, म्हणजे तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते आणि पहिल्या पावसाबरोबर पेरलेले भात जोमाने उठते. या पद्धतीला ‘राब’ म्हणतात, आणि राबासाठी तोडलेल्या ऐनासारख्या झाडांच्या डहाळ्यांना ‘कवळ’. भातखाचराला जोडून असलेली जी डोंगरउताराची जमीन कवळासाठी, गवतासाठी आणि नाचणी-वरीच्या पिकासाठी वापरली जाई, ती ‘वरकस’. ज्या शेतकऱ्याची वरकस अपुरी पडे किंवा राखीव जंगलाच्या हद्दीत जाई, त्याला कवळासाठी रखवालदाराची मर्जी सांभाळावी लागे, आणि ती मर्जी फुकट मिळत नसे. कुडाच्या भिंतींना लागणारी कारवी, चुलीचे सरपण, नांगराचे लाकूड हे सारे त्याच रेषेपलीकडे गेले होते. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांतील ही तक्रार इतकी जुनी आणि इतकी तीव्र होती की तिची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. आयोग बसला, साक्षी झाल्या, अहवाल निघाला, आणि गावकऱ्यांच्या दृष्टीने पाहता डोंगरावरची रेषा होती तेथेच राहिली.

चिरनेरच्या आसपास राहणाऱ्या कातकऱ्यांची स्थिती याहूनही बिकट होती. खैराच्या झाडाचा गाभा उकळून त्यापासून कात काढणे हा ज्यांचा परंपरेचा धंदा, आणि ज्यांच्या जमातीचे नावच त्यावरून पडले, त्यांना खैर तोडण्याची बंदी झाली म्हणजे त्यांच्या हातातले कसबच गेले. पुढे कोळसा पाडणाऱ्या ठेकेदारांकडे आणि भातशेतीच्या मालकांकडे मजुरी करीत, उचल घेऊन ती फेडीत त्यांच्या पिढ्या गेल्या. शेतकऱ्याला जंगल पूरक होते, कातकऱ्याला ते सर्वस्व होते. अक्कादेवीच्या डोंगरावर या दोघांचे गाऱ्हाणे एकत्र आले, ही गोष्ट पुढचा प्रसंग समजण्यासाठी लक्षात ठेवली पाहिजे.

उरण हे त्या काळी स्वतंत्र तालुका नव्हते. पनवेल तालुक्याचा तो ‘पेटा’, म्हणजे तालुक्याहून लहान महसुली विभाग होता, आणि पनवेलसह तो १८८३ साली ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाबा जिल्ह्याला जोडण्यात आला होता. (कुलाब्याचे रायगड असे नामांतर १९८१ चे.) उरणच्या खाजणात मिठागरांचे चौकोन दूरवर पसरलेले होते, आणि मीठ व भात या दोन पिकांवर येथील आगरी समाज उभा होता, आगर म्हणजे मिठाचे वाफे, आणि आगरात राबणारा तो आगरी, अशी त्या नावाची उपपत्ती सांगितली जाते. म्हणूनच ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला, तेव्हा त्या बातमीचा अर्थ उरणकरांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मात्र मिठाच्या सत्याग्रहाला निसर्गानेच मुदत घातलेली असते. जूनमध्ये पाऊस लागला की मिठागरे पाण्याखाली जातात आणि मोडण्यासाठी मीठच उरत नाही. पावसाळ्यात चळवळ जिवंत ठेवायची तर दुसरा कायदा शोधणे भाग होते, आणि महाराष्ट्रात व मध्य प्रांतात तो जंगलाच्या रूपाने समोरच उभा होता. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून अटक करून घेतली. त्यानंतर शिराळ्याकडील बिळाशी, नगर जिल्ह्यातील अकोले-संगमनेर, नाशिककडील कळवण-बागलाण असे एकामागून एक टापू उठले. मिठाच्या सत्याग्रहात शहरी शिक्षित स्वयंसेवक पुढे होते. जंगल सत्याग्रहात कोयता ज्याच्या हाती रोजचाच होता, तो माणूस पुढे आला. चळवळीच्या स्वभावात पडलेला हा फरक सरकारच्याही ध्यानात आला होता. मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला होता, आणि गर्दी दिसली की बंदूक काढण्याकडे अंमलदारांचा कल वाढला होता.

२५ सप्टेंबर हा गुरुवार होता, आणि पंचांगाप्रमाणे नवरात्र बसून दोनच दिवस झाले होते. भात निसवण्याच्या बेतात असते आणि शेतकऱ्याला क्वचित थोडी उसंत मिळते, असे हे दिवस. चिरनेर, कोप्रोली, मोठी जुई, धाकटी जुई, पाणदिवे, खोपटे, दिघोडे आणि भोवतालच्या इतर गावांतून माणसे अक्कादेवीच्या माळाकडे निघाली. त्यांत आगरी होते, कोळी होते, कातकरी होते, बलुतेदार होते; जंगलाचा कायदा सर्वांच्याच चुलीपर्यंत पोचलेला असल्यामुळे या जमावाला एका जातीचा रंग नव्हता. कार्यक्रम साधा होता. राखीव जंगलात शिरायचे, झाडे तोडायची आणि अटक झाल्यास ती पत्करायची. बंदोबस्तासाठी पोलीस आणि जंगल खात्याची माणसे हजर होती, आणि पनवेलचे मामलेदार केशव महादेव जोशी हेही जातीने आले होते. मामलेदार हा तालुक्याचा महसुली प्रमुख असे आणि त्याला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असत. त्यामुळे जमावावर गोळी चालवायची की नाही, या निर्णयात त्याच्या शब्दाला कायद्याने वजन होते.

त्या माळावर नेमके काय घडले, याविषयी सरकारी कथन आणि गावांचे कथन प्रथमपासून वेगवेगळ्या वाटांनी गेले. सरकारपक्षाच्या मते जमाव हिंसेवर उतरला आणि म्हणून गोळीबार करणे भाग पडले. गावांच्या स्मृतीत क्रम उलटा आहे : पकडलेल्या सत्याग्रहींना बेड्या घातल्यामुळे लोक खवळले, त्यांना सोडा असा आग्रह झाला, मामलेदार जोशी समजुतीच्या बाजूचे होते आणि गोळीबाराला त्यांची संमती नव्हती, तरीही गोळ्या सुटल्या आणि त्यांत जोशी स्वतःही बळी पडले. कोणत्याही गोळीबाराच्या इतिहासात आधी काय झाले हाच वादाचा मुद्दा असतो. परंतु गावकऱ्यांचे कथन एका कारणासाठी विशेष विचारात घेण्याजोगे आहे. ज्या सरकारी अंमलदाराच्या हुकमतीखाली तो बंदोबस्त होता, त्याच्याविषयी या कथनात द्वेष नाही. उलट तो मध्ये पडला, त्याने अडवले, असे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. आपली आठ माणसे गमावलेल्या गावांनी परपक्षाच्या एका माणसाला न्याय देण्याची ही तऱ्हा, सुडाने भरलेल्या जमावाच्या सरकारी चित्राशी जुळत नाही.

सत्याग्रहींपैकी आठजण मारले गेले. त्यांची नावे आज स्मारकावर वाचायला मिळतात, आणि ती जरा सावकाश वाचण्यासारखी आहेत. चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर आणि नाग्या महादू कातकरी; कोप्रोलीचे रघुनाथ मोरेश्वर; मोठ्या जुईचे रामा बामा कोळी; धाकट्या जुईचे आनंदा माया पाटील; पाणदिव्याचे परशुराम रामा पाटील; खोपट्याचे हसुराम बुधाजी; आणि दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे. गवत्या, बामा, माया, बेमट्या ही बापांची नावे एरवी सातबाऱ्याच्या जुन्या फेरफाराखेरीज आणि सावकाराच्या वहीखेरीज कोठेही लिहिली गेली नसती. मुलगा गोळीने पडला म्हणून बापाचे नाव दगडावर चढले, आणि त्या नावाबरोबर एकेक गाव व एकेक समाजही कोरला गेला. आठ नावे सात गावांतून आलेली असावीत, ही गोष्ट त्या सकाळी माळाकडे येणाऱ्या वाटा किती दिशांनी फुटत होत्या हे सांगून जाते. चिरनेरचा सत्याग्रह एका गावाचा नव्हता याचा याहून वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही.

गोळीबारानंतर गावांवर धरपकडीचे सत्र सुरू झाले. पुरुष रानात आणि खाडीपलीकडे पसार झाले, घरांच्या झडत्या झाल्या. चिरनेरचे महागणपतीचे मंदिर या टापूत प्रसिद्ध आहे. पेशवाईतील सुभेदार रामजी महादेव फडके यांच्या नावाशी त्याची उभारणी जोडली जाते आणि शेंदराने माखलेली तेथील भव्य मूर्ती दूरदूरच्या भाविकांना ओढून आणते. पकडलेल्या सत्याग्रहींना याच मंदिरात कोंडले होते, असे गाव सांगते, आणि मंदिराच्या खिडकीच्या एका गजावर असलेली गोळीची खूण त्या दिवसाची म्हणून दाखवली जाते. लोखंडी गजाला पडलेला हा एवढासा खळगा. स्मारके नंतर बांधली जातात, त्यांवरचा मजकूर नंतर ठरतो. ही खूण मात्र कोणी ठरवून केलेली नाही, आणि म्हणूनच चिरनेरला येणाऱ्या माणसाने स्मारकाइतकाच वेळ त्या गजापाशी काढावा.

पुढे ठाण्याच्या न्यायालयात मोठा खटला उभा राहिला. आरोप दंग्याचे आणि खुनाचे होते, आणि त्यांतच सत्याग्रहींची खरी कोंडी होती. ५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला आणि देशभरचे सत्याग्रही तुरुंगांतून बाहेर पडू लागले, परंतु त्या करारातली सवलत हिंसेचा आरोप नसलेल्या कैद्यांपुरती होती. मिठाची चिमूट उचलणारा घरी परतला. ज्याच्या शेजाऱ्याला गोळी लागली आणि ज्याच्यावर त्याच दिवशीच्या मनुष्यवधाचे कलम लावले गेले, तो मात्र खटल्याच्या तारखा मोजीत राहिला. या आरोपींच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ते काँग्रेसच्या कायदेभंगाच्या चळवळीबाहेर होते, तिच्यावर त्यांची उघड टीका होती. ऑक्टोबर १९३० मध्ये ते गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले आणि फेब्रुवारीअखेर परतले. तरीही चिरनेरच्या शेतकरी-कातकऱ्यांचे वकीलपत्र घेण्यात त्यांना विसंगती वाटली नाही. याच कुलाबा जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर, १९२७ साली पाण्याच्या हक्कासाठी त्यांनी सत्याग्रह केला होता, आणि याच जिल्ह्यातील खोतीविरुद्धच्या, म्हणजे खोतांच्या जमीनदारी पद्धतीविरुद्धच्या, लढ्यात पुढे शेतकरी नेते नारायण नागू पाटील यांच्याबरोबर ते उभे राहिले. १९३३ साली सुरू झालेला आणि सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप हा त्या लढ्याचा कळस. त्या संपाचे गाव आणि चिरनेर यांच्यामध्ये अंतर आहे, पण सोसणारा आगरी शेतकरी दोन्हीकडे तोच आहे. राजकीय इतिहास पक्षांच्या चौकटीत लिहिला की चिरनेर काँग्रेसच्या पानावर आणि चरी शेतकरी चळवळीच्या पानावर पडते, आणि दोहोंना जोडणारा माणूस मधल्या समासात हरवतो.

येथून पुढचा इतिहास हा परत येणाऱ्यांचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने कोकणातल्या आणि देशावरच्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या होत्या. त्या गावातून किती इसम १९१४ ते १९१९ च्या युद्धावर गेले आणि किती परत आले नाहीत, एवढाच मजकूर त्यांवर असे. मेसोपोटेमियातून परतलेला शिपाई आपल्या गावच्या चावडीसमोर उभा राहून ती पाटी पाहू शकत होता, कारण ज्या राज्यासाठी तो लढला त्याच राज्याने ती लावली होती. अक्कादेवीहून परतलेल्या माणसाला तशी सोय नव्हती. ज्या सरकारशी तो लढला तेच अजून सत्तेवर होते, रखवालदार तोच होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात राबासाठी कवळ लागले की त्याला त्याच डोंगराखाली जाऊन उभे राहावे लागत होते. त्याची रणभूमी ही त्याची रोजची वाट होती. सैनिक युद्ध संपल्यावर रणभूमी सोडून घरी येतो आणि पुष्कळ वर्षांनी तिला भेट देतो; चिरनेरच्या सत्याग्रहीला ती सोडता आली नाही. तिच्यावरून त्याची गुरे जात-येत होती.

स्वातंत्र्यानंतर या परतण्याला राजमान्यता मिळाली. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट देण्यात आले आणि केंद्र सरकारची निवृत्तिवेतनाची योजना लागू झाली. त्या योजनेने ‘स्वातंत्र्यसैनिक’ या शब्दाला एक कार्यालयीन अर्थ दिला : सर्वसाधारणपणे किमान सहा महिन्यांचा कारावास आणि त्याचा पुरावा. ही अट राज्यकारभाराच्या दृष्टीने समजण्यासारखी असली, तरी जंगल सत्याग्रहाच्या बाबतीत ती तोकडी पडते. रानात लपून महिनोन् महिने काढलेल्या माणसाकडे तुरुंगाचा दाखला नसतो. धरपकडीच्या काळात एकटीने खाचरे सांभाळणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही नोंदवहीत नसते, आणि कातकरी वाडीवर लिहिता येणारेच कोणी नव्हते. १९८० च्या दशकात महाराष्ट्र शासनाने राज्यभर दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारके बांधली, आणि गावोगावच्या विस्मरणात गेलेल्या नावांना त्यामुळे छप्पर मिळाले, हे त्या योजनेचे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु हुतात्म्यांची यादी करता येते तशी सोसलेल्यांची यादी करता येत नाही, आणि चिरनेरच्या इतिहासाचा मोठा भाग या दुसऱ्या, न झालेल्या यादीत आहे.

दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरमध्ये हुतात्मादिन पाळला जातो. पोलिसांची तुकडी हुतात्मास्तंभासमोर रांगेत उभी राहते आणि बंदुकांच्या फैरी झाडून ‘मानवंदना’ देते. मानवंदना म्हणजे मृतांच्या सन्मानार्थ शस्त्रधारी दलाने द्यावयाची औपचारिक सलामी, आणि ती देण्याचा अधिकार राज्याचाच असतो. हुतात्म्यांच्या वारसांचा सत्कार होतो, भाषणे होतात, पुष्पचक्रे वाहिली जातात. ज्यांनी १९३० चा गोळीबार प्रत्यक्ष ऐकला होता, त्यांनी हयातीच्या अखेरच्या वर्षांत याच आवाजाला सन्मान म्हणून सामोरे जायचे होते. तोच डोंगर मागे, तोच महिना, बंदूकही पोलिसांचीच; आणि त्या आवाजाचा अर्थ मात्र पूर्ण पालटलेला. एका पिढीच्या आयुष्यात राज्य बदलले याचा अनुभव मतपेटीपाशी किंवा झेंड्यापाशी जितका आला असेल, त्याहून तो या फैरींपाशी अधिक जवळून आला असला पाहिजे. ती पिढी आता उरलेली नाही. आज जे येतात ते नातू आणि पणतू, आणि त्यांच्याकडे आहे ती ऐकीव आठवण. पण त्या फैरींनी दचकून उडणारी पाखरे त्याच रानातली आहेत.

राज्य पालटले, पण जंगलाच्या प्रश्नाने त्याच्याबरोबर कूस पालटली असे म्हणता येत नाही. १९२७ चा वन कायदा स्वातंत्र्यानंतरही लागूच राहिला. आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासी यांचे हक्क मान्य करणारा कायदा होण्यासाठी २००६ साल उजाडावे लागले, आणि त्या कायद्याच्या प्रस्तावनेनेच या समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे नमूद केले. नाग्या महादू कातकरी याच्या मृत्यूनंतर शहात्तर वर्षांनी राज्याने दिलेली ही कबुली आहे. ज्या जमातीचा हा हुतात्मा, ती कातकरी जमात आजही महाराष्ट्रातील अतिमागास आदिम जमातींत मोडते, आणि भात-भाजीच्या मजुरीसाठी व वीटभट्ट्यांसाठी दरवर्षी स्थलांतर करते. स्तंभावर नाव सर्वांच्या बरोबरीने आहे, स्तंभाबाहेर ती बरोबरी अजून आलेली नाही. हुतात्मादिनाच्या भाषणांत सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक वेळ याच मुद्द्याला दिला पाहिजे, असे या इतिहासाच्या अभ्यासकाला वाटल्यावाचून राहत नाही.

उरणची दुसरी रणभूमी समजून घेताना पहिलीचा उजेड उपयोगी पडतो. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवण्यासाठी स्थापन झालेले शासकीय महामंडळ, अस्तित्वात आले आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंच्याण्णव गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्यात न्हावा-शेवा येथील नव्या बंदराची भर पडली. १९३० मध्ये रेषा डोंगरावर होती. आता ती खाचरांवर आणि मिठागरांवर आली. जासईचे सुपुत्र आणि शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी लढा उभा राहिला, आणि १६ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाट्यावर चिर्ले गावचे नामदेव शंकर घरत आणि धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर पोलिसांच्या गोळीबारात पडले. दुसऱ्या दिवशी नवघर येथे पागोट्याचे महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील आणि कमळाकर कृष्ण तांडेल यांचा बळी गेला. या लढ्यातून जे तत्त्व निघाले ते ‘साडेबारा टक्के’ या नावाने ओळखले जाते : संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन, म्हणजे रस्ते-पाण्याची सोय झालेले भूखंड, मूळ शेतकऱ्याला परत देणे. जमीन घेताना शेतकऱ्याला शहराच्या वाढीत भागीदार मानण्याची ही कल्पना पुढे राज्यभर आणि राज्याबाहेरही उदाहरण म्हणून सांगितली गेली, आणि ती पाच माणसांच्या रक्तातून आलेली आहे हे बहुधा सांगितले गेले नाही. बंदर मे १९८९ मध्ये सुरू झाले. बंदरासाठी जमीन दिलेल्यांच्या भूखंडांचा प्रश्न त्यानंतरही तीन दशके रेंगाळला.

जासईच्या हुतात्मा स्मारकाशी १६ जानेवारीला आणि पागोट्याला १७ जानेवारीला जी माणसे जमतात, त्यांत त्या दिवशी रस्त्यावर असलेले अजून आहेत. तेव्हाचे पंचविशीतले तरुण आता पासष्टीपलीकडे गेले आहेत, आणि लाठ्या व अश्रुधूर सोसलेल्या बायका आज्या झाल्या आहेत. चिरनेरच्या सत्याग्रहीपेक्षा त्यांच्या वाट्याला आलेले परतणे निराळे आहे. अक्कादेवीचा डोंगर जागेवर राहिला. पावसाळ्यात तेथील बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी पाहायला मुंबई-पनवेलची तरुण मंडळी गर्दी करतात, आणि पूर्वीची वाट ओळखू येते. दास्तान फाट्याला ओळखीची एकही खूण उरलेली नाही. ज्या बांधांवरून लोक धावले ते भरावाखाली गेले, खाडीची तोंडे बुजली, आणि ज्या रस्त्यावर माणसे आडवी झाली त्यावरून दिवसरात्र कंटेनरचे ट्रेलर जातात. तेथे परत येणाऱ्याला आधी मनातल्या मनात जुना रस्ता आखावा लागतो : येथे पूल होता, येथून खाजण सुरू होत होते, येथे तो पडला. सोबतच्या नातवाला दाखवण्यासाठी हाताने दिशा करावी तर मध्ये गुदामाची भिंत येते.

दि. बा. पाटील २४ जून २०१३ रोजी निवर्तले. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे यासाठी जून २०२१ मध्ये भूमिपुत्रांनी मानवी साखळी धरली आणि सिडकोला घेराव घातला, तेव्हा १९८४ चे लढवय्ये पुन्हा एकदा रांगेत उभे होते. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून निघणाऱ्या, जवळपास बावीस किलोमीटर लांबीच्या सागरी सेतूचे उद्घाटन झाले. मुंबईहून समुद्र ओलांडून आलेला हा रस्ता ज्या गावाच्या हद्दीत जमिनीला टेकतो, ते चिर्ले. नामदेव शंकर घरत यांचे गाव. त्यानंतर चारच दिवसांनी, १६ जानेवारीला, जासईच्या स्मारकाला वंदन करण्यासाठी चिर्ल्याची माणसे घरातून निघाली, तेव्हा त्यांना त्या नव्या रस्त्याखालून जावे लागले.